अजून एक स्लाइड घाल ना!

दर तिमाहीला तेच. संचालक मंडळासमोर २० मिनिटं मिळणार, म्हणून मी ८ स्लाइड करते. पहिल्याच स्लाइडवर किती पैसे हवेत, कशासाठी, नाही दिले तर काय होईल. संपलं. मग फाइल साहेबांकडे जाते आणि बाळसं धरायला लागते. ‘हा तक्ता असू दे.’ ‘सेल्सवाल्यांना वाईट वाटेल, त्यांचंही एक घाल.’ आदल्या रात्री ११ वाजता ४३ स्लाइड, आणि मूळ मागणी गेलेली असते ३८व्या स्लाइडवर. (फाइलचं नाव ‘फायनल नवीन खरंच फायनल’.)

अहो, कागद संचालकांना आठवडाभर आधीच गेलेले असतात! आकडे वाचून कसले दाखवता? त्यांना विचारायचं असतं की धोका काय, दुसरा पर्याय का सोडला, आमच्याकडून नेमकं काय हवंय.

काल आधीचा विषय लांबला. आमच्या वाट्याला ७ मिनिटं, आणि आम्ही अडकलो ‘विभागाची वाटचाल’मध्ये. चौथ्या स्लाइडला अध्यक्षांनी विचारलं, “मंजुरी कशाला हवी आहे?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ३८ नंबर शोधत होते.