मन साफ असलं की झालं?

"मन साफ असलं की झालं बघ. मग कुठं का हात जोडंनास!" पाटील बोलला आणि कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं. त्याच्या ओळखीतला एक जण बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला, त्यावरनं विषय निघाला होता. टोळक्यात वायल्डर मेमोरियल चर्चला जाणारा मी एकटाच. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी विचारलं, "मग पौलाचं काय करायचं?"

"कोण पौल?"

सांगितलं. पुढं ख्रिस्ताचा मोठा प्रेषित झाला तो. त्याआधी शौल म्हणून ओळखला जायचा. ख्रिस्ती माणसांना घराघरांतून ओढून तुरुंगात टाकायचा. स्तेफन नावाच्या ख्रिस्ती माणसाला दगडांनी ठेचून मारलं तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं ह्याच्या पायाशी ठेवलेली. पैशाचा लोभ नव्हता, देवाची सेवा म्हणून करत होता सगळं. दिमिष्काला, म्हणजे दमास्कसला, निघाला तोही यहुद्यांच्या प्रमुख याजकाकडनं पत्रं घेऊन, धरपकडीसाठी. "ह्याच्याइतकं साफ मन कुणाचं होतं? पण म्हणून स्तेफन परत आला व्हय?"

वकील मध्ये पडला. "म्हणजे प्रामाणिकपणाला किंमतच नाही म्हण की! आमच्यात हेतू बघतात."

किंमत आहे. बायबलात तीमथ्य ह्या शिष्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो, मी अज्ञानात केलं म्हणून माझ्यावर दया झाली. आणि लगेच पुढं स्वतःला पाप्यांतला मुख्य म्हणवतो. हेतू चांगला होता म्हणून झालेली चूक पुसून टाकायला तो तयार नाही. मला पौल आवडतो तो ह्यासाठी.

पाटलानं ग्लास खाली ठेवला. ओठावर फेस तसाच. "मग तू बरोबर हाईस हे तुला कसं कळलं? शौलालाबी तसंच वाटत हुतं की."

ह्या प्रश्नाला पळवाट नाही आणि असूही नये. नुसत्या वाटण्यावर भागत नाही, एवढं शौलानं शिकवलं. श्रद्धा तपासायला लागते, धर्म बदलल्यावरसुद्धा. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ज्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन) आश्रयाला होत्या त्यांच्याशीच त्रैक्यावरनं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ह्या शिकवणीवरनं, वाद घातला. तुम्ही सांगता म्हणून मानणार नाही, ही त्यांची भूमिका. बाप्तिस्मा घेतला म्हणून डोकं गहाण टाकलं नाही त्यांनी.

मास्तर इतका वेळ गप्प होते. म्हणाले, "आणि लक्ष्मीबाई टिळक? त्यांचं काय चुकलं होतं?"

मास्तरांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ह्यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढं एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळं लगेच सोडलं नाही. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर. नुसतं नवऱ्यामागं जायचं म्हणून त्या 1895 लाच पाण्यात उतरल्या असत्या, तर मी त्याला श्रद्धा म्हटलं नसतं. माझ्या विश्वासाप्रमाणं त्या तोवर सत्यापासून लांब होत्या, पण खोट्या एक दिवसही नव्हत्या. दोन्ही एकदम खरं असू शकतं, आणि आमच्या प्रवचनांतनं हे फार कमी ऐकायला मिळतं ह्याचं मला वाईट वाटतं.

"मग चुकलेल्याला सांगायचंच नाही?" वकिलानं परत धरलं.

सांगायचं की. अपुल्लो नावाचा एक विद्वान होता. इफिस शहरात येशूबद्दल तळमळीनं शिकवायचा, पण त्याला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्यापुरतंच ठाऊक होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला ह्या नवराबायकोनं सभास्थानात त्याचं बोलणं ऐकलं. चारचौघांत त्याला खोडलं नाही. आपल्याकडं बोलावून घेतलं, नीट समजावलं. हे दोघं तंबू शिवून पोट भरणारे, आणि त्या पंडितानं त्यांचं ऐकलं.

"असं बोलावून सांगणारं कोण हाय आता?" पाटील म्हणाला. "समदी माइकवरनं वरडत्यात. तुमचीबी आणि आमचीबी."

ह्यावर मी वाद घातला नाही, तो खरंच बोलत होता. वकिलाला मात्र हेतूचा मुद्दा सोडायचा नाही. त्याला बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 9 आणि 18, वाचून यायला सांगितलंय.