झाड म्हणजे नव्वद टक्के हवा

"मामा, कोर्स एकदम सोपा आहे. नऊच होल, अंतरं छोटी, आणि झाडीतून असल्यामुळे ऊनही लागत नाही." डिस्क गोल्फला नेताना भाच्याने ही एवढी माहिती दिली. सगळी खरी होती. प्लॉट विकणारासुद्धा खोटं कुठे बोलतो? फक्त शेजारच्या नाल्याचा विषय काढत नाही.

खेळ समजायला दोन मिनिटं पुरतात. चौथऱ्यावरून प्लास्टिकची तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लटकवलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. कमीत कमी फेकींत पोचेल तो जिंकला. पहिला होल जेमतेम साठ मीटरचा, पार तीन, म्हणजे तीन फेकींत पोचणं अपेक्षित. एवढ्या लांब तर मी चप्पलही फेकीन, असं मनात आलं. चप्पल खरंच बरी. तिला स्वतःची मतं नसतात.

डिस्कला असतात. वर चक्क चार आकडे छापलेले: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. त्यातला फेड म्हणजे वेग संपताना ती किती वळणार ते. उजव्या हाताने बॅकहँड फेकली की डावीकडे. भाचा म्हणाला, "तुम्ही पटरच घ्या, जवळच्या हलक्या फेकीची डिस्क. लांब फेकीच्या ड्रायव्हरला हाताचा वेग लागतो." हा माझ्या वयाचा उल्लेख आहे असं समजून मी मुद्दाम बारा स्पीडचा ड्रायव्हर उचलला. तोही तपकिरी, कारण लाल-गुलाबी रंग आपल्याला शोभत नाहीत.

समोर दोन बुंध्यांमध्ये दरवाजाएवढी फट. डाव्या बुंध्याची साल छातीच्या उंचीवर जागोजागी उडालेली. कीड लागली असावी, बिचारं झाड, असं मी म्हणालो. मग फेकलं. ठक्क!

कीड कसली ते कळलं.

"झाड नव्वद टक्के हवाच असतं, मामा," भाचा म्हणाला. या खेळातलं हे जुनं सांत्वन आहे. माझी डिस्क उरलेले दहा टक्के अचूक शोधते. तिसऱ्या होलवर तर ती एका झाडावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, अशी लग्नाच्या पत्रिका वाटत हिंडली आणि वाळक्या पाल्यात शिरली. तपकिरी पाल्यात तपकिरी डिस्क. शोधायला तीन मिनिटं मिळतात, नंतर एक फेक दंड. तीन मिनिटं मी ओणवा होऊन पाला चाळला. डिस्क माझ्याच बुटाखाली निघाली.

पाठ सरळ करेपर्यंत भाच्याने इतिहास सांगितला. कॅलिफोर्नियात एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी 1975 साली पहिला कायमस्वरूपी कोर्स आखला आणि साखळ्यांची बास्केटही त्यांचीच. त्याआधी लोक झाडं, दिव्याचे खांब यांवरच नेम धरून खेळत. म्हणजे एके काळी डिस्क झाडावर आपटली की होल पूर्ण व्हायचा! मी फक्त उशिरा जन्मलो. 2002 साली हेड्रिक वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख मिसळून डिस्क बनवल्या गेल्या. गेल्यावरही झाडांवर आपटत राहायची हौस असावी तर अशी.

पाचव्या होलवर मागून एक कुटुंब आलं. आठेक वर्षांची मुलगी अदबीने म्हणाली, "आजोबा, आम्ही पुढे जाऊ का?" मी काकांच्या वयाचा आहे, पण वाद घातला नाही. तिने पटर हलकेच सोडला. तो फटीतून गेला आणि बास्केटच्या पायाशी जाऊन बसला. जाता जाता ती मला म्हणाली, "जोर नका लावू."

पुढच्या होलवर मीही गुपचूप पटर काढला. तीन मीटरवरून साखळ्यांवर नेम धरला. छन्न! काय तो आवाज! मी हात वर केले. तेवढ्यात साखळ्यांनी डिस्क बाहेर टाकली, ती कडेवर उभी राहिली आणि चाकासारखी गडगडत उताराला लागली. मी मागे पळालो. ती थांबली, मी थांबायला जरा वेळ लागला.

नववा होल पुन्हा साठ मीटरचा. जोर लावला नाही, फट नीट पाहिली, श्वास सोडला. ठक्क. डिस्क बुंध्यावरून उलटली, माझ्या डोक्यावरून गेली आणि चौथऱ्याच्या मागे पडली. भाच्याने शांतपणे तिथे खूण ठेवली.

"मामा, आता इथून."

होल पासष्ट मीटरचा झाला होता.