माल्बेक वाइन म्हणजे बीपीची गोळी नव्हे

आमच्या मामाने चार दिवस बीपीची गोळी घेतली नाही. का, तर फॅमिली ग्रुपवर मेसेज आला: "अर्जेंटिनाच्या मेंडोझातली माल्बेक, डोंगरावरची रेड वाइन, रोज दोन ग्लास घ्या, हार्टचे ब्लॉकेज विरघळतात, बीपीच्या गोळ्या कायमच्या बंद. उंचावर पिकते म्हणून अल्कोहोल कमी, केमिकल शून्य. अँडीजच्या लोकांचं हजारो वर्षांचं औषध." खाली दहा जणांचे अंगठे.

हजारो वर्षं कुठली? माल्बेक ही द्राक्षाची जात, मूळची नैऋत्य फ्रान्समधल्या काओरची, मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच कृषितज्ज्ञाने 1853 च्या सुमारास ती अर्जेंटिनात नेली. केमिकल शून्य हेही खोटं, रस आंबताना यीस्टच थोडे सल्फाइट (वाइन टिकवायला घालतात तेच रसायन) तयार करतं.

अल्कोहोल कमी तर नाहीच नाही. मेंडोझात वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस, अँडीजचं वितळलेलं बर्फ कालव्यांनी बागेत येतं, ऊन रग्गड, द्राक्षात साखर चढते आणि त्या साखरेचंच अल्कोहोल होतं. बाटलीवर बघा, साडेतेरा-चौदा टक्के सर्रास असतं.

एक गोष्ट खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. मेंडोझातल्याच ऊको व्हॅलीतल्या वरच्या बागा 1500 मीटरपर्यंत जातात, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर. तिथे अतिनील किरणं जास्त, त्यापासून वाचायला द्राक्षाच्या सालीत पॉलिफेनॉल नावाची संयुगं जास्त बनतात. मेंडोझात हे प्रयोग करून बघितलंय, प्लास्टिकच्या शीटने ती किरणं अडवली तर सालीतलं प्रमाण घटलं. दाट रंग, तुरट जोरकस चव, सगळं त्या सालीतलं. पण सालीवरून थेट हार्टच्या ब्लॉकेजवर उडी कशी मारता? या पॉलिफेनॉलपैकी ज्या रेसव्हेराट्रॉलचा हार्टसाठी एवढा गाजावाजा होतो ते लिटरभर वाइनमध्ये काही मिलिग्रॅम असतं. इटलीत कियांतीमध्ये, जिथे वाइन रोजच्या जेवणात असते, 65 च्या पुढच्या 783 जणांवर अभ्यास झाला, 2014 मध्ये छापून आला. ज्यांच्या लघवीत त्याचे अंश जास्त सापडले ते ना जास्त जगले, ना त्यांना हृदयविकार कमी झाला.

आणि बीपी! अहो, अल्कोहोलने बीपी वाढतं, डॉक्टर बीपीच्या पेशंटला दारू कमी करा सांगतात ते उगीच नाही, आणि इथे गोळी बंद करून वरून दोन ग्लास प्यायला सांगताय, म्हणजे दोन्हीकडून मार. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलची कुठलीच पातळी आरोग्याला सुरक्षित नाही, त्यात वाइनला सूट नाही. त्यांचीच कर्करोग संस्था 1988 पासून अल्कोहोलयुक्त पेयांना तंबाखूच्याच गटात धरते, कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या.

माल्बेक आवडते तर चवीसाठी प्या, ती चव खरंच छान असते. मामाची गोळी परत सुरू केलीये, पण तो मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे. ज्याने टाकलाय त्याने आज डिलीट करावा, आणि ज्यांनी पुढे पाठवलाय त्यांनी तिथे जाऊन सांगावं की गोळ्या बंद करू नका.