मामांचा मिरर

एमआयडीसीत मामांचा टॉवेलचा कारखाना आहे. घराण्यात ‘ह्याला कंप्युटरमधलं कळतं’ अशी माझी बदनामी असल्यामुळे तिथला बिलिंगचा सर्व्हर मी बसवलेला. लिनक्स, कारण फुकट. आणि एक-एक टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, कारण मला मिरवायचं होतं. “मामा, एक डिस्क मेली तरी दुसरी जशीच्या तशी. धंदा थांबायचा नाही.” हे वाक्य मामांनी पुढे चार पाहुण्यांना ऐकवलं.

मे महिन्यात, सोलापूर तव्यासारखं तापलेलं असताना, पहिली डिस्क मेली. काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट करण्याजोगी डिस्क सापडत नाही. दारात ट्रक भरून उभा, बिल निघेना. ड्रायव्हर गठ्ठ्याला टेकून घोरत होता.

“का बे, दुसरी डिस्क हाय ना?”

“आहे.”

“चांगली हाय?”

“एकदम.”

“मग ती करतीय काय?”

याचं उत्तर मला दुपारी सापडलं. मिरर होता पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कवर आखलेल्या कप्प्याच्या, आतल्या मालाचा. मशीन मात्र सुरू होताना आधी पार्टिशनच्या बाहेर, डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत डोकावतं. त्यातले ४४६ बाइट बूट लोडरचे, म्हणजे लिनक्सला झोपेतून उठवणाऱ्या प्रोग्रॅमचे. आमच्याकडे त्याचं नाव ग्रब. ग्रबचं उरलेलं सामान त्यामागच्या मोकळ्या पट्टीत. ही जागा मिररच्या हिशेबातच नाही. इन्स्टॉल करताना ‘ग्रब कुठल्या डिस्कवर टाकू’ असं लिनक्सनं विचारलं होतं. पहिलीवर एंटर मारून मी चहाला गेलो होतो. दोघा भावांचं दुकान, दोघांच्या वह्या अक्षर न् अक्षर सारख्या, पण शटरची किल्ली थोरल्याच्या कमरेला. थोरला गेला तो किल्ली घेऊनच.

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं, मिरर एका पायावर उभा केला, आत शिरून ग्रब-इन्स्टॉल मारलं. ‘एकही एरर नाही’ असं छातीठोक उत्तर आलं. पेनड्राइव्ह काढला, मशीन चालू केलं. पुन्हा तीच ओळ. लिनक्स डिस्कना सापडतील तशी एसडीए, एसडीबी अशी नावं देतं. थोरला गेल्यावर धाकटा एसडीबीचा एसडीए झाला होता, आणि मी सवयीनं जिला एसडीबी म्हटलं ती स्वारी म्हणजे पेनड्राइव्ह. ग्रब खिशात घेऊन मी सर्व्हरकडे बघत होतो.

ट्रक पाचला हलला. ड्रायव्हरनं जाताना मला टॉवेल दिला, घाम पुसायला. मामांचाच होता.

नवी डिस्क आली. जुनीचा पार्टिशनचा आराखडा तिच्यावर उतरवला, मिररमध्ये जोडली. सिंक व्हायला अडीच तास. तेवढ्यात आम्ही कडक भाकरी न् शेंगा चटणी संपवली. मामा मधूनमधून स्क्रीनवरचे टक्के वाचत होते, मतमोजणीच्या फेऱ्या वाचाव्यात तसे. चौकोनी कंसात दोन्ही ‘यू’, म्हणजे दोन्ही डिस्क धडधाकट, दिसल्यावर ग्रब दोन्ही डिस्कवर टाकलं. नावं तीनदा वाचून.

“आता खात्री?”

मी मशीन बंद करून पहिल्या डिस्कची वायर उपसली. मामांनी सिद्धेश्वराचं नाव घेतलं. बटण दाबलं, सर्व्हर आला. ती जोडून परत मिररमध्ये घेतली. फरक तेवढाच लिहायचा असल्यानं चटकन उरकलं. मग दुसरीची उपसली. तरी आला.

मामा खुर्चीत रेलले, चष्मा कपाळावर सरकवला.

“आता दोन्ही काढून बघ की बे.”