डबल कोट काढून साइट फास्ट होत नाही

सध्या गोव्यातल्या डेव्हलपर लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, म्हापशाच्या ग्रुपवर तोच, फोंड्याच्या ग्रुपवरही तोच. त्याचं म्हणणं असं की पीएचपीची (सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या त्या प्रोग्रॅमिंग भाषेतली) साइट स्लो चालते ती कोडरच्या वाईट सवयींमुळे, आणि या पाच गोष्टी केल्या की साइट दुप्पट वेगाने पळेल: डबल कोटऐवजी सिंगल कोट वापरा, कमेंट (कोडमधल्या समजावणाऱ्या टिपा) काढून टाका, लूपच्या (तेच काम परत परत करणाऱ्या कोडच्या) कंडिशनमध्ये काउंट (मोजणी) लिहू नका, स्ट्रिंगची (मजकुराची) लांबी बघायला ती मोजणारं स्ट्रलेन नको, अमुक जागी काही आहे का बघणारं इजसेट वापरा, आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि तिच्यातल्या व्हॅल्यू डेटाबेसला वेगवेगळ्या देण्याची पद्धत) डेटाबेसकडे दोन फेऱ्या मारतं म्हणून व्हॅल्यू सरळ क्वेरीत जोडा. खाली ‘जास्तीत जास्त शेअर करा’. यातलं बरंचसं पीएचपीच्या जुन्या काळातलं आहे, आणि शेवटचा मुद्दा तर धोक्याचा आहे, म्हणून एकेक घेतो.

कोटचं आधी संपवतो. डबल कोटमध्ये व्हेरिएबल आहे का हे फाइल कंपाइल होताना (कोड चालवता येईल अशा रूपात बदलताना) ठरतं, आणि २०१३ साली पीएचपी ५.५ सोबत ओपकॅश आल्यापासून तो कंपाइल झालेला कोड मेमरीत राहतो, प्रत्येक रिक्वेस्टला परत वाचला जात नाही. फरक उरलाच तर तो नॅनोसेकंदांचा, आणि एका मिलिसेकंदात दहा लाख नॅनोसेकंद असतात. कमेंटचंही तेच, कंपाइल होताना त्या गळून जातात. पण कमेंट काढल्याचं नुकसान मात्र खरं आहे, आपल्याकडे छोट्या फर्ममध्ये पोरगा वर्षभर काम करतो आणि पुण्याला नाहीतर बेंगळुरूला निघून जातो, मागे येणाऱ्याला हा जीएसटीचा हिशोब असा का केलाय ते सांगणारी ती एक ओळच असते हो.

काउंटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. पीएचपीत ॲरेची संख्या ॲरेसोबतच साठवलेली असते, दर वेळी मोजावी लागत नाही, त्यामुळे तिथे वाचतं ते नगण्यच. पण कंडिशनमध्ये डेटाबेसचा कॉल असेल, किंवा जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक फेरीला अख्ख्या पानात एलिमेंट शोधत असाल, तर तो बाहेर काढाच. म्हणजे लूपच्या कंडिशनमध्ये नेमकं काय चालतंय ते बघा, काउंट हा शब्द दिसला म्हणून घाबरू नका.

आता इजसेटची युक्ती. फॉरवर्डमध्ये ती महिरपी कंसात लिहिलीये आणि तशी ती पीएचपी ८ मध्ये चालतच नाही, ७.४ पासून वॉर्निंग होती आणि ८.० ला तो प्रकार काढूनच टाकला, कोड चालायच्या आधीच एरर येतो. चौकोनी कंस घातले तरी इजसेट काय न् स्ट्रलेन काय, दोन्ही बाइट बघतात, अक्षरं नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. तुम्ही ‘नाव कमीत कमी पाच अक्षरी हवं’ अशी अट घातली आणि कोणी आडनाव टाकलं ‘पै’, तर प आणि वरच्या दोन मात्रा मिळून ६ बाइट, अट पास! देवस्थानच्या साइटवर जत्रेची माहिती सबस्ट्र वापरून कापली की शेवटी तो प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो ना, तोही यातूनच, कारण अक्षर मध्येच तुटतं. मराठीत साइट करणाऱ्याने एमबी-वाली (बाइट नाही, चिन्हं मोजणारी) फंक्शनं वापरावीत, आणि डोळ्याला दिसणारं अक्षर मोजायचं असेल तर ग्राफीम-वाली.

आणि आता तो पाचवा मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसलो. व्हॅल्यू सरळ क्वेरीत जोडा म्हणे! गोव्यात राहून हा सल्ला कोणी पुढे पाठवतो याचं मला खरंच वाईट वाटतं. रोमनमध्ये डिसोझा, डिमेलो, डिकॉस्टा लिहिताना डी नंतर अपॉस्ट्रॉफी येते, आणि कोटमध्ये व्हॅल्यू सरळ जोडलेल्या क्वेरीत ती आली की स्ट्रिंग तिथेच बंद होते आणि क्वेरी मोडते, म्हणजे बुकिंग फॉर्म उघडल्याच्या पहिल्या दिवशी शेजारच्याच माणसाला एरर. हे त्यातल्या त्यात बरं, कारण निदान कळतं तरी. त्याच भोकातून जाणूनबुजून काही लिहिलं तर अट बाजूला सारून सगळ्यांची बुकिंग वाचता येतात, आणि आपल्याकडच्या होमस्टेच्या डेटाबेसात परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला द्यायला घेतलेले त्यांच्या पासपोर्टचे तपशील असतात, ते कोणाच्या हातात जातील याचा विचार करा. राहिली दोन फेऱ्यांची गोष्ट. मायएसक्यूएल या डेटाबेसवर पीडीओ (पीएचपीची डेटाबेसशी बोलणारी सोय) मुळात प्रिपेअरची नक्कल स्वतःच करतं, तिथे एकच फेरी होते. खरोखरच्या दोन झाल्या तरी डेटाबेस त्याच मशीनवर असेल तर ती फेरी एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात होते. कनेक्शनला यूटीएफ८एमबी४ कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) द्या आणि प्रिपेअर्डच वापरा.

मग साइट स्लो का? बहुतेक वेळा या तीनपैकी एक असतं. खोल्यांच्या यादीत ३० खोल्या, लूपमध्ये प्रत्येकीचा दर वेगळ्या क्वेरीने, फोटो वेगळ्या क्वेरीने, झाल्या ६१ क्वेऱ्या, जिथे टेबलं जोडून (जॉइन करून) दोन-तीनमध्ये भागलं असतं. दुसरं, चेक-इन तारखेवर इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नाही, किंवा आहे पण तारखेवर वर्ष काढायचं फंक्शन लावलंय, मग तो इंडेक्स कामाला येत नाही आणि अख्खं टेबल वाचलं जातं, त्यापेक्षा १ जानेवारीपासून पुढच्या १ जानेवारीच्या आधीपर्यंत अशी रेंज द्या. तिसरं फोटो. मालकाने फोनवरून पाठवलेले ४ एमबीचे १२ फोटो जसेच्या तसे चढवले की पान ४८ एमबीचं, १० एमबीपीएसच्या नेटवर ३८ सेकंद, वाळपईच्या पुढे रेंज जात-येत असताना तर बोलूच नका. लहान साइज करा, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करा, खालचे लेझी लोड करा, म्हणजे तिथवर स्क्रोल केल्यावरच येतील.

अंदाज नको असेल तर ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून वेळ कशात जातोय ते आधी बघा, आणि सर्व्हरवर मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग चालू करा, तो मुळात बंद असतो, आणि चालू केला तरी १० सेकंदांच्या वरचीच क्वेरी पकडतो, ती मर्यादा १ वर आणा आणि मग क्वेरीपुढे एक्सप्लेन लावून डेटाबेस ती कशी चालवतो ते वाचा.

ज्यांनी हा फॉरवर्ड टाकलाय त्यांना कळकळीची विनंती, सध्या पोरांचे सेमिस्टर प्रोजेक्ट चालू आहेत आणि ती पोरं असलं सगळं कॉपी करतात, बाकीचं राहू दे हवं तर, पण तो पाचवा मुद्दा काढून परत पाठवा.