गोधडी भिंतीवर का लावायची : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, माझ्या क्विल्टवरच्या लेखाखाली तुमची कमेंट आली त्याच दिवशी वाचली पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्यात राग होता आणि तो मला समजत होता. तुम्ही लिहिलंत की गोधडी ही पांघरायची वस्तू, ती भिंतीवर लावणं ही पैसेवाल्यांची हौस, आणि 'आर्ट क्विल्ट', म्हणजे कला म्हणून बघायची गोधडी, असं नाव दिलं की आमच्या आयांनी जन्मभर जे शिवलं ते आपोआप खालचं ठरतं. शिवाय त्या लेखात मी अमेरिकेतल्या क्विल्टवर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, पानभर लिहिलं आणि आपल्या वाकळेला, आपल्याकडच्या गोधडीला, दोन ओळी दिल्या, हेही खटकलं तुम्हाला.

वाकळेचं मान्य, दोनच ओळी होत्या, त्याची मला लाज वाटली. पण बाकीचं नाही पटलं.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड म्हणून वस्ती आहे, कापसाच्या मळ्यावरच्या गुलामांचे वंशज राहतात तिथे, आणि मळेवाल्याचं पेटवे हे आडनाव अजून कितीतरी घरांत चालू आहे. तिथल्या मिझूरी पेटवे यांचा नवरा वारला तेव्हा, 1942 मध्ये, त्यांनी त्याचे शेतात घालायचे कपडे घेतले, विटलेले, धुऊन धुऊन पातळ झालेले, आणि त्याची क्विल्ट शिवली, त्याची आठवण म्हणून आणि अंगावर घ्यायला म्हणून. हे त्यांच्या मुलीने, आर्लोन्झिया यांनी, पुढे सांगितलं. आज ती क्विल्ट वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. आता सांगा, ही तुमच्या आईच्या वाकळेपेक्षा वेगळी कुठे आहे? ती संग्रहालयात गेली नसती तर आपण दोघी आज मिझूरीबाईंबद्दल बोलत असतो का?

एका ठिकाणी मात्र तुमचा राग अगदी बरोबर बसतो. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या क्विल्ट पेंटिंगसारख्या भिंतीवर लावल्या, लोक थक्क झाले, क्विल्टकडे कला म्हणून बघायला तिथून मोठा जोर मिळाला. पण शिवणाऱ्या बायकांची नावं जवळजवळ नव्हतीच! रंग बघा, आकार बघा, आणि बाई कोण ते विचारू नका. हे मला आजही फार लागतं.

नाव आणि गोष्ट कोणीतरी लिहून ठेवावी लागते. हॅरिएट पॉवर्स, जन्म 1837, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या, गुलामगिरीत जन्मलेल्या. त्यांनी बायबलमधल्या गोष्टींची क्विल्ट केली, ती 1886 च्या एका जत्रेत जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेने बघितली आणि विकत मागितली, तर पॉवर्सबाईंनी साफ नकार दिला. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा 10 डॉलर मागून 5 डॉलरला द्यावी लागली, आणि नंतर त्या आपली क्विल्ट बघायला परत परत जायच्या. हे वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. पण स्मिथबाईंनी एक काम केलं, 11 चौकटींपैकी प्रत्येकीचा अर्थ पॉवर्सबाईंना विचारून लिहून ठेवला, म्हणून आज तो आपल्याला कळतो.

आणि आर्ट क्विल्ट करणाऱ्या बायका कोणी आकाशातून पडलेल्या नाहीत हो. फेथ रिंगगोल्ड या अमेरिकन चित्रकार, त्यांनी पहिली क्विल्ट 1980 मध्ये स्वतःच्या आईबरोबर बसून केली, आणि आपलं आत्मचरित्र छापायला कोणी तयार होईना म्हणून पुढे गोष्टी थेट क्विल्टवर लिहायला लागल्या. अमेरिकेतल्याच ओहायो राज्यात नव्या पद्धतीच्या क्विल्टना जागाच मिळत नव्हती, म्हणून 1979 मध्ये गाईंच्या जुन्या गोठ्यात प्रदर्शन भरवलं. पैसेवाल्यांची हौस अशी असते का?

आता आमच्या घरचं सांगते. आजीची गोधडी होती, नऊवारी लुगड्यांची, कडेला हिरवा काठ, धावदोऱ्याचे टाके इतके सारखे की बोट फिरवत राहावं. मी हॉस्टेलला असताना ती बोहारणीला गेली, एका स्टीलच्या डब्यावर. कोणाचा दोष नव्हता, जुनी झाली होती, जागा अडत होती. तिचा एक फोटोसुद्धा नाहीये माझ्याकडे, आणि आत कुठली लुगडी होती ते विचारायला आजीही नाही. भिंतीवर लावलेली गोधडी बघितली की मला आधी तोच डबा आठवतो.

तुमची आई अजून शिवते असं तुम्ही लिहिलंय. मग एक कराल का, सुती कापडाचा तुकडा घ्या, त्यावर धुतल्यावर न जाणाऱ्या शाईने त्यांचं नाव, गाव, साल लिहा आणि वाकळेच्या मागच्या बाजूला टाचून टाका. वापरात नसेल ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून उलगडून घडी दुसरीकडे घाला, नाहीतर घडीवरच विरते. आणि त्या शिवत असताना शेजारी बसून विचारा, आतल्या थरात कोणाचं लुगडं घातलंय, कोणत्या लग्नातलं, कोणी दिलेलं. जे सांगतील ते इथेच लिहा, त्यांच्याच शब्दांत, वाकळेवरचा पुढचा लेख मी त्यापासूनच सुरू करते.