बिग बेंडला जाताय तर मरिस्कलची पाऱ्याची खाण वगळू नका

टेक्ससमधले आपले मराठी लोक बिग बेंड नॅशनल पार्कला निघाले की यादी ठरलेली असते. सांता एलेना कॅन्यन, चिसोसमधला विंडो ट्रेल, रात्री तारे आणि परतताना शेजारच्या टर्लिंग्वा गावात जेवण. ते सगळं छानच आहे. पण पार्कच्या दक्षिणेला रिव्हर रोडवर मरिस्कल माइन म्हणून एक बंद पडलेली पाऱ्याची खाण आहे, तिचं नाव काढलं की आमच्या ग्रुपवर "पडक्या विटा बघायला कोण जाणार" असं उत्तर येतं, आणि मागे एकाने तर लिहिलं की नॅशनल पार्कमध्ये असल्या विषारी विटा ठेवल्यातच कशाला, पाडून साफ करा ना. मला हे अजिबात पटलेलं नाही, कमेंटमध्ये मावेना म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी दगडांचं सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. हा भाग नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी समुद्राखाली होता, त्यात चुनखडीचे थरावर थर बसले. नंतर जमीन बाजूंनी दाबली गेली आणि त्या थरांना बाक आला, मरिस्कल डोंगर म्हणजे असा वर उचललेला लांबच लांब बाक आहे. आता दगड वाकला की पाठीवर तडे जाणारच. पुढे ज्वालामुखीच्या काळात खालून लाव्हारस थरांमध्ये घुसला, त्याच सुमारास पारा आणि गंधक विरघळलेलं गरम पाणी त्या तड्यांमधून वर चढलं आणि निवताना तड्यांच्या भिंतींवर लाल खनिज सोडून गेलं. तेच सिनाबार, म्हणजे आपला हिंगूळ. वजनाच्या ८६ टक्के नुसता पारा. पण माल तड्यातच, सलग थर कुठे नाहीच, त्यामुळे थोडं खणलं की भरपूर आणि मग एकदम काहीच नाही. या खाणीच्या प्रत्येक मालकाचा घात या एका गोष्टीने केला असं माझं मत आहे, बाजारभावाने केला तो नंतर.

१९०० मध्ये मार्टिन सोलिस नावाच्या माणसाला इथे हिंगूळ दिसला. मग लिंड्से नावाच्या माणसाने काम सुरू केलं, पण भट्टी नव्हती, म्हणून दगड जनावरांवर लादून वाळवंटातून पार टर्लिंग्वातल्या खाणीच्या भट्टीवर न्यायचे! परवडणार कसं? पहिल्या महायुद्धात पाऱ्याचा भाव चढला, कारण काडतुसं आणि तोफगोळ्यांच्या डिटोनेटरमध्ये पाऱ्याचं फुल्मिनेट लागायचं, तेव्हा एलिस आला आणि त्याने जागेवरच भट्टी उभारली. युद्ध संपलं, भाव पडला. १९१९ मध्ये बर्चमने कंपनी काढून मोठी स्कॉट भट्टी (हिंगूळ भाजायच्या भट्टीचा एक प्रकार) बांधली, तीही काही वर्षांतच थंड झाली. स्पेन आणि इटलीच्या मोठ्या खाणी जगाचा बाजार हातात धरून होत्या, त्यांच्यासमोर असल्या तड्यातल्या मालाचं काय चालणार. १९४२ मध्ये युद्धामुळे परत भाव आला, बर्चम परत आला, व्हिव्हियाना नावाची कंपनी निघाली आणि १९४४ पर्यंत तीही बुडाली. त्याच वर्षी बिग बेंड नॅशनल पार्क झालं.

आणि या सगळ्यातून हाती किती आलं? पारा भरायचे, ७६ पौंडांचे सुमारे १,४०० लोखंडी फ्लास्क. मी हिशोब करून बघितला, साधारण ४८ टन होतात, पण पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे हा सगळा माल पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरच्या पाच हजार लिटरच्या टाकीत मावेल आणि वर जागा उरेल. चाळीसेक वर्षं आणि इतके मालक, त्याचं एवढंच. हे कळल्यापासून खाणीचा तो डोंगरउतार मला वेगळाच दिसायला लागलाय.

तिथे उभं राहिलं की सगळी प्रक्रिया डोळ्यांसमोर दिसते, माझ्या दृष्टीने हेच या जागेचं वैशिष्ट्य. वर खाणीची तोंडं (आता लोखंडी जाळ्या बसवल्यात), मग भट्टी, मग वाफ थंड करायच्या विटांच्या कोठड्या, आणि कामगारांची दगडी घरं. हिंगूळ तापवला की गंधक हवेत जळून जातो आणि पाऱ्याची वाफ होते, ती थंड केली की पारा. आयुर्वेदातल्या आपल्या रसशास्त्रात हिंगुळातून पारा काढायला डमरूयंत्र वापरतात, एकावर एक उपडं ठेवून सांधलेली दोन मडकी, खाली आच आणि वरच्या मडक्यात पारा. तत्त्व अगदी तेच, मरिस्कलला ते अख्ख्या डोंगराएवढं केलं इतकंच.

पण वाफेतला सगळा पारा काही सरळ फ्लास्कमध्ये जात नाही. बराचसा काजळीत अडकतो. असल्या भट्ट्यांवर ती काजळी खरवडून, चुना मिसळून, फावड्याने घोळवून घोळवून पारा सोडवायचे आणि हे काम माणसं करायची, तोंडावर फार तर फडकं. पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली की हिरड्या सुजतात, तोंडात लाळ सुटत राहते, दात हलायला लागतात, मग हात थरथरतात. हे करणारे जवळजवळ सगळे मेक्सिकन होते, सीमेवरची रिओ ग्रांदे नदी तिथून काही मैलांवर, बरेच जण मेक्सिकोतल्या क्रांतीच्या धामधुमीत घरदार सोडून आलेले. शेजारच्या टर्लिंग्वात तेव्हा रोजचा एक ते दोन डॉलर मिळायचा. मालकांची नावं मी वर भराभर लिहिली, कारण ती नोंदलेली आहेत. भट्टीवरच्या माणसांची नावं तशी सहज सापडत नाहीत, त्यांच्या नावावर उरल्यात त्या घरांच्या भिंती. म्हणून पाडून साफ करा म्हटलं की माझं डोकं फिरतं. काय साफ करायचं? त्यांचा एवढा एकच पुरावा?

टर्लिंग्वाचं बघा, तिथे खाण होती हे सगळ्यांना माहीत असतं पण आता लोक जातात ते चिली शिजवायच्या स्पर्धेला (१९६७ पासून चालू आहे) आणि घोस्ट टाऊनमधल्या फोटोंना. टर्लिंग्वा क्रीकच्या काठाने पूर्वी कॉटनवूडची झाडी होती, ती भट्ट्यांच्या सरपणात आणि खाणीच्या टेकूंत गेली आणि नदीकाठ उघडा पडला, हे बिअर पिता पिता कोण सांगणार. मरिस्कलला दुकान नाही, हॉटेल नाही, त्यामुळे तिथे खाण खाणच राहिलीय. १९७४ मध्ये ती ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली ते योग्यच झालं. स्पेनचं अल्मादेन आणि स्लोव्हेनियाचं इद्रिया या पाऱ्याच्या जुन्या खाणींच्या जागा तर २०१२ मध्ये जागतिक वारसा झाले. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने आता पाऱ्याच्या नव्या खाणींवर बंदीच आहे, म्हणजे हा धंदा कसा चालायचा हे समजून घ्यायला अशा जुन्या जागाच उरणार.

विषाचं म्हणाल तर ते खरं आहे, विटांमध्ये पारा मुरलेला आहे आणि पार्कवालेच सांगतात की हात लावू नका. मग नका ना लावू. भट्टीवर चढून सेल्फी काढणारे लोक मी बघितलेत, पोरांना विटांवर बसवणारेही, ते बघून जीव घाबरा होतो. लांबून बघितलं तरी सगळं दिसतं. आणि लाल दगड खिशात टाकू नका, पार्कमधून काहीच उचलायला परवानगी नाही.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा, तिथे सावली अजिबात नाही. साधी गाडी रिव्हर रोडवर घालू नका, उंच फोर व्हील ड्राइव्हच लागते आणि पाऊस झाला असेल तर तीही अडकते, म्हणून निघायच्या आधी पँथर जंक्शनच्या पार्क ऑफिसात रस्त्याची चौकशी करा, पाणी दुप्पट घ्या. फोनला रेंज धरून चालू नका. येत्या थँक्सगिव्हिंगला ह्यूस्टन किंवा डॅलसहून कोणी निघत असेल आणि गाडी तशी असेल तर मला मेसेज करा, मी यायला तयार आहे.